सहा सेकंदांचा न्याय

मराठीत ‘पाचामुखी परमेश्वर’ अशी म्हण आहे. पाच जाणत्या माणसांनी एकत्र बसून जे ठरविले त्यात देवाचा कौल असतो, अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा होती. ‘पंच’ हा शब्द त्या पाचांवरूनच आला. पुढे गावकीचे निवाडे न्यायालयांत गेले आणि पंच हा शब्द खेळाच्या मैदानावर जाऊन स्थिरावला. तेथे मात्र त्याच्या भोवतीचे परमेश्वराचे वलय टिकले नाही. मैदानावरील पंचाइतके शिव्याशाप वाट्याला येणारा न्यायाधीश दुसऱ्या कोणत्या क्षेत्रात असेल, असे आम्हांस वाटत नाही.

अलीकडच्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामातील तरुण मुली स्त्रियांचे व्यावसायिक फुटबॉल मोठ्या आवडीने पाहू लागल्या आहेत. २०२२ साली स्त्रियांच्या आशियाई चषकाचे सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे झाले. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने गोवा, भुवनेश्वर आणि नवी मुंबई येथे झाले. तेव्हापासून या आवडीला बहर आला आहे. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात या मुलींचे वाद कानी पडतात. गोल किती सुरेख झाला याविषयी दोन वाक्ये होतात आणि पंचांनी काय केले याविषयी वीस. घरच्या वडीलधाऱ्यांना हा कालापव्यय वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. कायदा अक्षरशः पाळला म्हणजे न्याय झाला काय? अचूक मोजमाप आणि न्याय या एकच गोष्टी आहेत काय? चुकणाऱ्या माणसाच्या हाती निवाडा सोपविल्यावर आपण त्याचे काय देणे लागतो? नीतिशास्त्राचे हे जुनेच प्रश्न आहेत. या मुली ते फुटबॉलच्या भाषेत विचारीत असतात, इतकेच. म्हणून त्यांचाच एक आवडता वाद घेऊन त्यावर थोडे चिंतन करावे, असे योजिले आहे.

लंडन ऑलिंपिकमधील ही घटना आहे. ६ ऑगस्ट २०१२ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर स्त्रियांच्या फुटबॉलचा उपान्त्य सामना कॅनडा आणि अमेरिका या शेजाऱ्यांत रंगला होता. कॅनडाची कर्णधार क्रिस्टीन सिंक्लेअर हिने त्या दिवशी तीन गोल केले. तिने आघाडी मिळवून द्यावी आणि अमेरिकेने बरोबरी साधावी, असे दोनदा झाले. तिसऱ्यांदा कॅनडा ३-२ असा पुढे गेला, आणि सामना संपायला जेमतेम बारा-पंधरा मिनिटे उरली. अशा वेळी कॅनडाची गोलरक्षक एरिन मॅक्लाउड हिच्या हाती चेंडू असताना नॉर्वेच्या पंच क्रिस्टिना पेडरसन यांनी शिट्टी वाजविली. गोलरक्षकाने चेंडू हातात सहा सेकंदांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, असा नियम तेव्हा होता, आणि तिने तो मोडला होता. अमेरिकेला कॅनडाच्या गोलपेटीतच अप्रत्यक्ष फ्री किक मिळाली. तो फटका कॅनडाच्या बचावातील खेळाडूच्या हाताला लागला, म्हणून पेनल्टी दिली गेली. अ‍ॅबी वॉम्बाकने त्यावर गोल केला आणि सामना ३-३ झाला. जादा वेळेतील अगदी अखेरच्या क्षणांत, १२३व्या मिनिटाला, अ‍ॅलेक्स मॉर्गनने हेडरने गोल केला आणि अमेरिका अंतिम फेरीत गेली.

सहा सेकंदांचा तो नियम पुस्तकात होता, यात शंका नाही. गोलरक्षकाने चेंडू त्याहून अधिक वेळ धरला होता, हेही खरे. मग वाद कशाचा? वाद असा की हा नियम सहसा कोणी लावीत नसे. आठ, दहा, कधी बारा सेकंद चेंडू छातीशी धरून उभे राहणारे गोलरक्षक जगभर होते. पंच त्यांना हाताने खूण करीत आणि खेळ पुढे चाले. तो नियम जणू पुस्तकात झोपी गेला होता, आणि ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात, आघाडीवर असलेल्या संघाविरुद्ध, तो एकाएकी जागा झाला.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पिछाडीवर असलेल्या संघाचा वेळ हेच त्याचे भांडवल. गोलरक्षक चेंडू धरून बसते तेव्हा ती प्रतिपक्षाच्या ताटातले काढून घेत असते. वॉम्बाकने पुढे सांगितले की ती पंचांच्या जवळ उभी राहून मोठ्याने सेकंद मोजीत होती. काहींना हे कावेबाजपणाचे वाटते. पण लिहिलेला कायदा लागू करा, अशी मागणी करणे हा गुन्हा कसा होईल? शिवाय सहायक पंचांनी वेळ न दवडण्याविषयी आपल्याला सांगितले होते, हे खुद्द मॅक्लाउडनेही मान्य केले. मात्र ती औपचारिक ताकीद आहे, असे तिला वाटले नव्हते.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत तत्त्वज्ञानाच्या वर्गात अरिस्टॉटलचा एक दृष्टान्त शिकविला जाई. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची पट्टी वापरीत. ती लोखंडी पट्टीसारखी ताठ नसे. दगडाच्या आकाराप्रमाणे ती वाकत असे. अरिस्टॉटल म्हणतो की कायदा सर्वसाधारण परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो, आणि जीवन तर एकेका प्रसंगाचे बनलेले असते. जेथे कायद्याचे शब्द आणि प्रसंग यांचा मेळ बसत नाही तेथे कायदा करणाऱ्याचा हेतू ओळखून निर्णय देणे, हाही न्यायच होय, किंबहुना अधिक चांगला न्याय होय. संत थॉमस अक्वायनस यांनी या विचाराला सद्‌गुणाचे स्थान दिले. या दृष्टीने पाहता, पेडरसन यांनी लोखंडी पट्टी लावली असे म्हणावे लागते.

परंतु हा युक्तिवाद येथेच थांबविणे धोक्याचे आहे. शिशाची पट्टी वाकते खरी, पण ती कोणाच्या बाजूने वाकते? अनुभव असा की ती बहुधा बलवानाच्या बाजूने वाकते. नावाजलेल्या खेळाडूला पंच एकदा अधिक माफ करतात, आणि घरच्या प्रेक्षकांचा आवाज कानांत असताना पाहुण्या संघाची चूक मोठी दिसते. ताठ नियम हे दुबळ्याचे कवच असते. आपल्याकडे ‘रामशास्त्री बाणा’ हा वाक्प्रचार रूढ झाला तो याच कारणाने. तेव्हा नियम लावला हा पेडरसन यांचा दोष मानता येत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की झोपलेला नियम जागा कसा करावा. आमच्या मते, तो जागा करण्याचा अधिकार पंचांना आहे. परंतु त्यांनी आधी सर्वांना ऐकू जाईल अशी हाक मारली पाहिजे. एरवी दुर्लक्षिलेला नियम एके दिवशी, एकाच माणसावर, स्पष्ट पूर्वसूचनेवाचून लावला गेला तर तो कायदेशीर असूनही जिव्हारी लागतो. नियम कधी लागेल हे आधी ठाऊक असणे, हा न्यायाचा अर्धा भाग आहे.

यावर तरुण मंडळी म्हणतील, की माणसावर विसंबून राहायचेच कशाला? यंत्र आणावे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ३ जुलै २०११ रोजी जर्मनीतील बोखुम येथे विश्वचषकाच्या सामन्यात विषुववृत्तीय गिनी संघाच्या ब्रुना या खेळाडूने ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळताना स्वतःच्या गोलपेटीत चेंडू चक्क दोन्ही हातांत धरला आणि मग सोडून दिला. खेळ थांबला आहे असा तिचा समज झाला असावा. हे साऱ्या जगाने पाहिले, पण पंचांच्या नजरेतून मात्र ते निसटले. ऑस्ट्रेलिया ३-२ असा जिंकला म्हणून अनर्थ टळला. अशा ठिकाणी चित्रफीत पाहणारा साहाय्यक हवा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. २०१९ साली फ्रान्समध्ये झालेल्या स्त्रियांच्या विश्वचषकात ही चित्रफितीची व्यवस्था प्रथमच आली.

यंत्र जेथे श्रेष्ठ ठरते ते क्षेत्रही आपण ओळखले पाहिजे. ६ ऑगस्ट २०२३ रोजी मेलबर्न येथे स्वीडन आणि अमेरिका यांच्यातील सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टींवर गेला. स्वीडनच्या लीना हुर्टिगचा फटका अमेरिकेच्या गोलरक्षकाने अडविला, चेंडू वर उडाला, आणि तिने तो पुन्हा बाहेर ढकलला. चेंडू रेषेपार गेला होता की नव्हता? गोलरेषेवरील यंत्रणेने उत्तर दिले की गेला होता, अवघ्या काही मिलिमीटरांनी. अमेरिका स्पर्धेबाहेर गेली. मानवी डोळ्याला हे दिसणे अशक्य होते. पण हा प्रश्न वस्तुस्थितीचा होता. चेंडू रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, याला एकच खरे उत्तर असते आणि ते मोजता येते.

याउलट अर्थाचा प्रश्न पाहा. ३१ जुलै २०२२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर, ८७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, इंग्लंड आणि जर्मनी यांच्यात युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. पूर्वार्धात इंग्लंडच्या गोलतोंडी झालेल्या झटापटीत चेंडू कर्णधार लिआ विल्यमसन हिच्या हाताला लागला. चित्रफीत पाहणाऱ्यांनी तो प्रसंग तपासला आणि पेनल्टी दिली नाही. इंग्लंड २-१ असा जिंकला. जर्मनीत त्या हाताविषयी फार बोलले गेले, आणि ते स्वाभाविक होते. चेंडू हाताला लागला, ही वस्तुस्थिती झाली. तो हात नैसर्गिक स्थितीत होता काय, त्या स्पर्शाला अपराध म्हणावे काय, हे अर्थाचे प्रश्न झाले. चित्रफीत शंभर वेळा फिरविली तरी पडद्यावर अर्थ उमटत नाही. तो माणसालाच ठरवावा लागतो, आणि तेथे दोन प्रामाणिक माणसांची दोन मते होऊ शकतात.

शिवाय यंत्रालाही नियमांची चौकट असतेच. २७ एप्रिल २०२४ रोजी लंडन येथे चेल्सी आणि बार्सिलोना यांच्यात चॅम्पियन्स लीगचा उपान्त्य सामना होता. पहिला सामना चेल्सीने बार्सिलोनात जाऊन १-० असा जिंकला होता. दुसऱ्या सामन्यात चेल्सीच्या कडीशा ब्यूकॅनन हिला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि ती बाहेर गेली. ते कार्ड पुष्कळांना फार कठोर वाटले. पण दुसऱ्या पिवळ्या कार्डाची तपासणी चित्रफितीवरून करण्याची मुभा त्या वेळच्या नियमांत नव्हती. पडदा जवळच होता, परंतु त्याकडे पाहण्याचा अधिकार नव्हता. बार्सिलोना २-० असा जिंकून अंतिम फेरीत गेला.

आता यंत्रामुळे निर्माण झालेल्या एका नव्या पेचाकडे वळू. पेनल्टी घेतली जात असताना गोलरक्षकाचा निदान एक पाय तरी रेषेवर असला पाहिजे, अशी सुधारित शब्दरचना १ जून २०१९ पासून अमलात आली. पूर्वीचा नियम तर याहून कडक होता, पण त्याकडे बहुधा कानाडोळा होई. चित्रफीत आली आणि कानाडोळा करणे अशक्य झाले. १९ जून २०१९ रोजी पॅरिसमध्ये स्कॉटलंड अर्जेंटिनाविरुद्ध ३-० असा पुढे होता. शेवटच्या पाव तासात ते अंतर ३-२ वर आले. भरपाईच्या वेळेत अर्जेंटिनाला पेनल्टी मिळाली आणि स्कॉटलंडची गोलरक्षक ली अलेक्झांडर हिने ती अडविली. पण तिचे पाय किंचित आधी रेषेवरून सुटले होते, असे चित्रफितीत दिसले. तिला पिवळे कार्ड दाखविले गेले, पेनल्टी पुन्हा घेतली गेली आणि गोल झाला. सामना ३-३ असा सुटला आणि स्कॉटलंड स्पर्धेबाहेर पडले. मोजमाप बिनचूक होते. तरीही त्या रात्री न्याय झाला, असे म्हणताना जीभ अडखळते. कारण येथेही झोपलेला नियमच जागा झाला होता, आणि या खेपेस त्याला जागे करणारे यंत्र होते.

यावर नियम करणाऱ्यांनी काय केले, हे बोधप्रद आहे. दोनच दिवसांनी त्यांनी जाहीर केले की त्या स्पर्धेतील निर्णायक पेनल्टींच्या वेळी गोलरक्षकांना या कारणाने पिवळे कार्ड दाखवू नये. पुढल्या वर्षी नियमच बदलला: पहिल्या अपराधाला समज आणि त्यापुढच्या अपराधाला कार्ड. म्हणजे ताकीद आधी आणि शिक्षा नंतर आली. सहा सेकंदांच्या नियमाचेही अखेर तेच झाले. १ जुलै २०२५ पासून अमलात आलेल्या नियमानुसार गोलरक्षकाला आठ सेकंद मिळतात, शेवटचे पाच सेकंद पंच हात उंच करून सर्वांदेखत मोजतात, आणि मुदत उलटल्यास प्रतिपक्षाला कॉर्नर मिळतो. मुदत थोडी सैल झाली, शिक्षा सौम्य झाली, आणि मोजणी उघड झाली. शिक्षा अपराधाच्या मानाने जड असली की ती लावायला हात धजत नाही, आणि कधीतरी लावली की ती सूडासारखी भासते. ती बेताची आणि आधी ठाऊक असलेली असेल तर ती रोज लावता येते आणि कोणाला जाचत नाही. २०१२ साली मॅक्लाउडसमोर असा उंचावलेला हात असता, तर तिने चेंडू वेळेवर सोडला असता असे आम्हांस वाटते.

राहिला प्रश्न निवाडा देणाऱ्या माणसाचा. पंचांची चूक झाली असे म्हणणे आणि पंच लबाड आहेत असे म्हणणे, यांत फार मोठे अंतर आहे. पण हरलेल्या मनाला ते एका उडीत ओलांडता येते. २०१२च्या त्या सामन्यानंतर सिंक्लेअर संतापाच्या भरात बोलून गेली, की पंचांनी सामना सुरू होण्यापूर्वीच निकाल ठरविला होता. तिच्यावर चार सामन्यांची बंदी आली. तिच्या दुःखाची थोरवी आम्हांस कळते. एकटीने तीन गोल करावेत आणि तरीही हरावे, हे सोसणे सोपे नाही. तरी ते वाक्य अन्यायाचेच होते. स्वतःवरील अन्यायाविरुद्ध बोलताना दुसऱ्याच्या हेतूवर पुराव्यावाचून आरोप केला, तर आपण त्याच अन्यायाची भरपाई नव्या अन्यायाने करीत असतो.

पंचांच्या जागी उभे राहून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे. वेम्ब्लीवरील त्या अंतिम सामन्याच्या पंच कॅटरिना मॉन्झुल या युक्रेनच्या. २०२२ साली युद्ध पेटल्यावर त्यांना देश सोडावा लागला आणि इटलीत जाऊन त्यांनी तेथील स्त्रियांच्या लीगमध्ये शिट्टी हाती घेतली. काही महिन्यांनी त्या वेम्ब्लीवर उभ्या होत्या. आपल्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी २०१६ साली जॉर्डनमधील सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच म्हणून काम केले. अशी प्रत्येक स्त्री वर्षानुवर्षे धावण्याचा सराव करून, परीक्षा देऊन तेथवर पोहोचते. ज्या क्षणावर आपण घरी बसून आठवडाभर वाद घालतो, त्याचा निर्णय तिला एका श्वासात द्यावा लागतो.

मग आपण काय करावे? गप्प बसावे काय? नाही. मराठीत दोन क्रियापदे आहेत: ‘मानणे’ आणि ‘पटणे’. पंचांचा निर्णय मानणे हे खेळाडूचे कर्तव्य आहे, कारण त्यावाचून खेळच उरत नाही. पण तो पटलाच पाहिजे, अशी सक्ती कोणावर करता येत नाही. न पटलेले मानणे म्हणजे लाचारी नव्हे. मानून घेऊन मग का पटले नाही ते शांतपणे, कारणांसह सांगणे, हा सुसंस्कृत समाजाचा मार्ग आहे. निवाडा देणाऱ्याचेही त्यात एक कर्तव्य आहे, ते म्हणजे कारण सांगण्याचे. २०२३च्या विश्वचषकात चित्रफीत पाहून घेतलेला निर्णय पंच ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानाला सांगू लागल्या. कारण कळले की निर्णय पटतोच असे नाही, परंतु मानणे सोपे जाते.

कॅनडाच्या मुलींनी निकाल मानला. तीनच दिवसांनी फ्रान्सला १-० असे हरवून त्यांनी कांस्यपदक मिळविले. नऊ वर्षांनी, २ ऑगस्ट २०२१ रोजी, टोकियो ऑलिंपिकच्या उपान्त्य सामन्यात त्या पुन्हा अमेरिकेसमोर उभ्या ठाकल्या. मॉन्झुल याच तेव्हा पंच होत्या. चित्रफीत पाहून त्यांनी कॅनडाला पेनल्टी दिली, जेसी फ्लेमिंगने त्यावर गोल केला, आणि कॅनडा १-० असा जिंकून पुढे सुवर्णपदकापर्यंत गेला. सिंक्लेअर त्या संघाची कर्णधार होती. याला काव्यगत न्याय म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. २०१२चे दुःख २०२१च्या पदकाने पुसले जात नाही, आणि अमेरिकेच्या मुलींना ती पेनल्टी पटली असेलच असेही नाही. एवढे मात्र खरे की ज्यांनी न पटलेले मानले, त्या पुन्हा मैदानावर उतरू शकल्या.

शेवटी आमचे घरातील मंडळींना सांगणे असे. आपणही दिवसातून अनेकदा शिट्टी हाती घेतो: आईबाप मुलांसमोर, शिक्षक वर्गात, थोरला भाऊ धाकट्यांत, आणि आम्ही धर्मगुरू धर्मग्रामात. प्रत्येक घरात काही झोपलेले नियम असतात. दिवेलागणीच्या आत घरी यावे, जेवताना टीव्ही पाहू नये, न विचारता कोठे जाऊ नये, असे कितीतरी. महिनोन्महिने ते कोणी पाळीत नाही आणि कोणी विचारीतही नाही. मग एके दिवशी आपले मन दुसऱ्याच कशाने त्रासलेले असते, आणि आपण तो नियम नेमका एकाच मुलावर, बहुधा त्याच्या आनंदाच्या क्षणी लावतो. नियम आपल्या बाजूने असतो. मूल काही बोलू शकत नाही. ते फक्त आपल्या तोंडाकडे पाहत राहते. अशा वेळी शिट्टी ओठांशी नेण्यापूर्वी हात उंच करून पाच सेकंद मोजावेत. मुलाला सावरायला तेवढा वेळ पुरतो, आणि पुष्कळदा आपल्यालाही.